अनध्यायाच्या दिवशी सायकल

काशीत सायकलवरून पडलेली माणसे पुष्कळ असतील. पण पडण्याला शास्त्राधार दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा बालमित्र होता. ब्रह्माघाटावरच्या आमच्या मराठी वस्तीत त्याला कोणी नावाने हाक मारीत नसे. तिशीच्या आतच तो घनपाठी झाला, आणि तेव्हापासून घरचे, दारचे, घाटावरचे नावाडी आणि गल्लीतले दूधवाले सगळे त्याला ‘घनपाठी गुरू’ म्हणू लागले. घनपाठ म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वेदातले शब्द नुसते सरळ म्हणायचे नाहीत. पहिला-दुसरा, मग दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा, त्याला तिसरा जोडून पुढे, तिथून उलटे मागे, परत पुढे. मग एक शब्द सरकायचे आणि हाच फेरा पुन्हा. यात एकेक शब्द तेरा वेळा तोंडातून जातो. मी शाळेत गणित शिकवणारा माणूस, म्हणून मी हे त्याच्या समोर बसून मोजले आहे. तो म्हणाला, “मोजायला काय बसलास, ऐक की!” पण मोजल्याशिवाय मला ऐकू येत नाही, त्याला मी तरी काय करणार?

एवढी विद्या अंगी मुरल्यावर तिचा परिणाम माणसाच्या साध्या बोलण्यावर होणारच. एकदा माकडाने त्याच्या गच्चीवरून धोतर पळवले. ते सांगायला तो धावत आमच्याकडे आला. “मास्तर, माकड आलं. आलं ते माकड धोतराजवळ आलं. धोतर वाळत होतं, वाळत होतं त्याजवळ माकड आलं, आलं आणि धोतर धरलं.” तो असा पुढे-मागे करीत कठड्यापर्यंत येईतो खालच्या गल्लीत धोतराच्या चिंध्या पडल्या होत्या. दुसरी सवय संकल्पाची. कोणतेही धर्मकृत्य करण्याआधी आपण कोणत्या देशात, कोणत्या नदीतीरी, कोणत्या संवत्सरात, कोणत्या ऋतूत, कोणत्या तिथीला काय करीत आहोत हे उच्चारून हातावर पाणी सोडायचे असते. हा गृहस्थ रागवायचा तोही तसाच. दुधात पाणी घातले म्हणून दूधवाल्याला शिव्या द्यायच्या, तर आधी संवत्सर, मग अयन, मग ऋतू. ऋतूपर्यंत येता येता बहुतेक वेळा राग निघून जाई, आणि दूधवाला हात जोडून म्हणे, “गुरू, आज आशीर्वाद बड़ा लंबा दिहला.” मला वाटते, त्याच्या हातून आयुष्यात फारशी भांडणे झाली नाहीत ती या एका सवयीमुळे. झाले ते एकच, आणि ते मात्र या सवयीमुळेच पक्के झाले.

त्याची थोरली बहीण प्रयागला दारागंजात दिली होती. आम्ही सगळेच तिला ताई म्हणत असू. तिच्या बाळंतपणासाठी त्याची आई प्रयागला गेली आणि तिथेच तापाने आजारी पडली. तिला परत आणण्याआधीच ती गेली. बाहेरच्या माणसाला यात दुःखापलीकडे काही दिसणार नाही. पण काशीच्या माणसासाठी काशीत मरण येणे म्हणजे काय, ते काशीकरालाच कळते. आयुष्यभर इथे राहून, मरायला दोन दिवस उरले असताना गंगेच्या वरच्या अंगाला जाऊन मरायचे! लोक मरायला दुरून काशीला येतात, आणि याची आई काशीतून बाहेर गेली. तेराव्यानंतर हा पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरला, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, आणि ओंजळीत गंगा घेऊन त्याने संकल्प सांगितला. मी वरच्या पायरीवर त्याचे कपडे धरून उभा होतो. देश, काळ, तिथी झाल्यावर तो म्हणाला, “जिनं माझ्या आईची काशी चुकवली, तिच्या घरी मी पायी जाणार नाही, एक्क्याने जाणार नाही, डोलीने जाणार नाही, नावेने जाणार नाही आणि आगगाडीने जाणार नाही.” पाणी सोडले आणि वर आला. दुसरा कोणी असता तर ‘तुझं तोंड पाहणार नाही’ एवढे म्हणून मोकळा झाला असता. पण याला कोणतीही गोष्ट मोघम सांगता येत नसे.

पुढची बारा वर्षे तो प्रयागला गेला नाही. दर भाऊबीजेला ताईचा निरोप कोणाच्या तरी बरोबर येई, आणि हा तो ऐकून घेऊन वेद म्हणू लागे. मग एका वर्षी दिवाळीला लेकीकडे गेलेल्या आमच्या शेजारच्या काकू दारागंजाहून परत आल्या आणि त्यांनी ओट्यावर बसून सहज सांगितले, “अरे घनपाठ्या, तुझी ताई हल्ली चंद्राला ओवाळते रे. बीजेची कोर दिसली की ताट घेऊन गच्चीवर जाते.”

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, ही आपली रीत. तो ओट्याच्या कडेला बसला होता. मग मला म्हणाला, “मास्तर, मी जिवंत आहे ना रे?”

त्यानंतर कित्येक महिने तो या विषयावर बोलला नाही. श्रावणात एका व्यापारी यजमानाकडे त्याने महारुद्र केला, आणि यजमान दक्षिणेबरोबर गाय द्यायला निघाला. हा म्हणाला, “शेठजी, आमच्या गलीत एक माणूस आणि एक सांड समोरासमोर आले तर एकाला घरात शिरावं लागतं. गाय कुठे बांधू? द्यायचीच तर सायकल द्या.” यजमान भला माणूस, त्याने नवी कोरी सायकल आणवली. पण संकल्प गोदानाचा झालेला होता. तेव्हा गोदानाच्या वेळी गाईचे शेपूट जसे हातात देतात, तसे सायकलचे मागचे चिखलपान, म्हणजे मडगार्ड, याच्या हाती देऊन उदक सोडण्यात आले. सायकलच्या दिव्याला कुंकू लागले. त्या दिवसापासून ती सायकल म्हणजे गाय, हे त्याच्या मनात ठाम बसले. तिच्यावर तो कधी चपला घालून चढला नाही, आणि एकादशीला तिला विश्रांती असे.

वेदपाठ्याला सायकल कशाला, हे सगळ्या ब्रह्माघाटाला कोडे पडले. मलाही पडले. शेवटी एकदा त्यानेच मला बाजूला घेतले.

“मास्तर, माझ्या शपथेत काय काय होतं?”

“पायी, एक्का, डोली, नाव, आगगाडी.”

“सायकल?”

“सायकल नव्हती.”

“बस!” तो म्हणाला.

“अरे, पण ही सरळ लबाडी आहे.”

“बिलकुल नाही. शपथ शब्दाला बांधलेली असते. जे उच्चारलं नाही, ते बांधत नाही. तुला मीमांसा मालूम नाही, तू उगाच बोलू नकोस.”

असा आमचा प्रयागचा बेत ठरला. भाऊबीजेच्या दिवशी चंद्रकोर दिसण्याआधी दारागंजात पोहोचायचे, कारण एकदा ताई गच्चीवर गेली की ते वर्षही चंद्राचेच. वाट ऐंशी मैलांच्या आसपास. पाडव्याला पहाटे निघायचे, गोपीगंजच्या धर्मशाळेत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी उरलेली वाट. हिशेब माझा होता आणि तो बरोबर होता. फक्त त्यात सायकल चालवणारा कोण आहे हे मी धरले नव्हते.

सायकल तो शिकला होता बेनियाच्या मैदानात, माझ्याच देखरेखीखाली. पण तो शिकला घनपाठ म्हणत. तोंडाने पाठ सुरू झाला की पाय आपोआप त्या तालावर फिरत, मान डोले, आणि सायकल सरळ जाई. सुरुवातीला सायकलही थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा थोडी पुढे अशीच जात असे, कडेला बसलेली पोरे म्हणत, “गुरू, ई त साइकिलो के वेद पढ़ा देहलन!” पण महिनाभरात तो सुरेख चालवू लागला. श्वास सुटला नाही तर तोल सुटला नाही, असे त्याचे सूत्र होते.

पाडव्याच्या पहाटे आम्ही सायकली खांद्यावर घेऊन गल्ल्या ओलांडल्या. मागे पंचगंगेवर बांबूंच्या टोकांना टांगलेले कार्तिकातले आकाशदिवे अजून विझले नव्हते. मैदागिनला आल्यावर एका ओळखीच्या पानवाल्याने दुकानाची फळी उघडता उघडता हाक दिली, “का गुरू, गइया के कान पकड़ के कहाँ लिए जात हउआ?” गाईचे कान म्हणजे सायकलचे दांडे. घनपाठ्याने तोऱ्यात उत्तर दिले, “प्रयाग! बहिन के इहाँ!” बारा वर्षांनी हे शब्द तोंडातून काढताना त्याचा आवाज असा चढला की दोन माकडे छपरावरून उठून गेली. मागच्या कॅरियरवर दिवाळीच्या फराळाचा डबा, त्यावर ताईसाठी लुगडे, आणि सगळ्याला वरून जानव्याच्या सुताने तिहेरी गाठ. तो सायकलवर बसला, दोन पायडल मारली आणि पडला.

उठला, धूळ झटकली, बसला. पुन्हा पडला.

“अरे झालं काय?”

“आज प्रतिपदा आहे,” तो गंभीरपणे म्हणाला.

“मग?”

“अनध्याय.”

प्रतिपदेला वेद म्हणत नाहीत. काशीतल्या साऱ्या पाठशाळांना त्या दिवशी सुट्टी असते, हे तर आमच्याकडच्या शेंबड्या पोराला ठाऊक. घनपाठ्यालाही ठाऊक होते. पण आपल्या पायांना वेदाशिवाय चालता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. आणि बेनियाच्या मैदानात तो प्रतिपदेला कधी आलाच नव्हता. सुट्टीच्या दिवशी तो झोपत असे.

“मनातल्या मनात म्हण.”

“मनात म्हटला तरी तो वेदच.”

“मग काहीच न म्हणता चालव.”

“तसा पडतोच आहे की. आज पडणं शास्त्राला धरून आहे मास्तर, तू फिकीर करू नकोस.”

छावणीच्या उतारावर तो शास्त्राला धरून एका हातगाडीवर गेला. शहर संपून ग्रँड ट्रंक रस्ता लागला, दोन्ही अंगांना तुरीची शेते आली, तेव्हा तो शास्त्राला धरून तुरीत गेला. म्हशींचा एक कळप येत होता, त्यातली पुढची म्हैस त्याला पाहून स्वतःच थांबली. मी मैलांचे दगड मोजत होतो. या चालीने गोपीगंज तर सोडाच, राजातालाबसुद्धा दिवेलागणीला दिसले नसते. आणि उद्या ताई ताट घेऊन गच्चीवर गेली असती. हे तोही जाणून होता. चौथ्यांदा उठला तेव्हा त्याचा गुडघा फुटला होता, पण तो आधी डब्याची गाठ पाहात होता.

तेव्हा मला सुचले. मी म्हटले, “घनपाठ्या, पाढे म्हण.”

“कसले पाढे?”

“बे एके बे. पाढ्यांना कुठे अनध्याय आहे?”

तो विचारात पडला. पाढे हा वेद नव्हे, वेदांग नव्हे, स्मृती नव्हे, याची त्याने मनाशी खात्री करून घेतली. मग सायकलवर बसला, घसा साफ केला, आणि ग्रँड ट्रंक रस्त्यावर, बहुधा तो रस्ता झाल्यापासून पहिल्यांदाच, बेचा पाढा वेदाच्या स्वरात सुरू झाला. “बे एके, एके बे, बे एके दुणे, दुणे एके बे, बे एके दुणे…” मान डोलू लागली. पाय फिरू लागले. सायकल बाणासारखी सुटली, आणि मला मागून धापा टाकीत जावे लागले.

त्या दिवसाइतका सुखी मी पुन्हा झालो की नाही, ते मला सांगता येत नाही. थंडी नुकती उतरली होती, ऊन अंगावर घ्यावेसे होते, आणि रस्ताभर त्याचा तो भरदार आवाज. एक्केवाले एक्के थांबवून हात जोडीत. मिर्झामुरादजवळ विहिरीवरच्या एका म्हातारीने डोक्यावर पदर घेतला आणि नातवाला पाया पडायला लावीत म्हणाली, “गोड़ लाग, बेटा, महाराज मंतर पढ़त हउअन.” तो त्या वेळी सत्तावीसच्या पाढ्यात होता. माझी मात्र एक पंचाईत झाली. चुकलेला पाढा माझ्याने ऐकवत नाही.

“तेरा साते एक्याण्णव! ब्याण्णव नव्हे!” मी मागून ओरडलो.

“चूक स्वराची आहे की आकड्याची?” तो मागे न पाहता ओरडला.

“आकड्याची!”

“मग हरकत नाही!”

दुपारी एका आंब्याखाली आम्ही दशम्या सोडल्या. फराळाच्या डब्याला त्याने मला हात लावू दिला नाही. “ते तिचं आहे,” म्हणाला. मध्येच त्याने विचारले, “ताई आता कशी दिसत असेल रे?” मी म्हटले, “बारा वर्षं मोठी.” हिशेबाने ते बरोबर होते, पण तो ज्या नजरेने माझ्याकडे बघत राहिला, त्यावरून उत्तर काही तरी दुसरे हवे होते असे मला वाटले.

दिवस मावळायला आम्ही गोपीगंजला पोहोचलो. अर्धी वाट सरली होती आणि माझा हिशेब जमला होता. धर्मशाळेच्या अंगणात एक एक्केवाला घोड्याला दाणा देत होता. तो नुकताच झुशीहून आलेला. झुशी म्हणजे गंगेच्या अलीकडचा काठ, पलीकडे दारागंज. हिवाळ्यात तिथे होड्या जोडून त्यांवर फळ्यांचा पूल बांधतात, आणि आमची सारी भिस्त त्या पुलावर होती. मी सहज विचारले, पुलावर गर्दी असते का?

“पुल?” एक्केवाला हसला. “पुल अबहीं कहाँ बँधल, महाराज? पानी ढेर बा. नाव से उतरे के परी.”

नाव. शपथेतली चौथी.

घनपाठी गुडघ्यावर ओले फडके धरून पायरीवर बसला होता. त्याने ऐकले. मी घाईघाईने त्याच्याजवळ गेलो. दिवसभरात मलाही शास्त्राची थोडी सवय झाली होती. मी म्हटले, “हे बघ, यात काही अडचण नाही. नावेत सायकल उभी करायची. सायकलवर तू बसायचं. मी दांडा धरतो. तू सायकलवर, सायकल नावेत. नावेने सायकल गेली, तू सायकलने गेलास. मीमांसेत बसतं की नाही?”

तो खो खो हसला. डोळ्यांतून पाणी येईतो हसला. मग ते पाणी थांबेना, आणि तो हसत नाही हे माझ्या उशिरा लक्षात आले.

“मास्तर,” तो म्हणाला, “आई आजारी असल्याचा निरोप आला ना, त्या दिवशी अमावास्या होती. प्रयागची गाडी दुपारी होती. मी म्हटलं, अमावास्येला निघू नये, उद्या निघू. उद्या निघालो. पोचलो तेव्हा तिला खाली घेतलेलं होतं.” तो थांबला. “त्या दिवशी निघालो असतो तर तिला रात्रीच्या गाडीने घरी आणता आलं असतं. आईची काशी मी चुकवली, ताईने नाही. ताईला हे ठाऊक होतं. निरोप कधी धाडला हे तिला ठाऊक नसणार का? पण ती एका शब्दाने बोलली नाही मला. बोलली असती ना, तर मी शपथ घेतलीच नसती.”

पुढे-मागे न करता तो इतके सरळ बोललेले मी प्रथमच ऐकत होतो. मी म्हटले, “मग उद्या?”

“उद्या नावेत बसायचं. खाली, फळीवर. इतर लोक बसतात तसं.”

“आणि शपथ?”

“मोडायची. प्रायश्चित्त काय ते मी बघेन, आहे मला पाठ.” नाक पुसून तो म्हणाला, “मला एवढंच सांग, दार उघडल्यावर तिला पहिला शब्द काय म्हणू? सगळी संहिता तोंडात आहे, पण एवढं एक कुठे सापडत नाही.”

गणिताच्या मास्तरापाशी तरी ते कुठून असणार? आम्ही दोघे अंधार पडेपर्यंत त्यावर विचार करीत राहिलो. पण दुसऱ्या दिवशी त्याची गरज पडली नाही. आम्ही ऊन असतानाच दारागंजात शिरलो. ताईने दार उघडले, भावाकडे पाहिले, त्याच्या गुडघ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “पडलास ना? ये, आधी ते धुऊ.” आत तिने एक पाट मांडला, मग माझ्याकडे पाहून दुसरा मांडला. मला सख्खी बहीण नाही. त्या दिवशी कपाळाला लागलेले ते बोट मला आजही आठवते.

पुढच्या वर्षीपासून तो आगगाडीने जाऊ लागला. साहजिकच होते. अर्ध्या दिवसाचे काम, त्यासाठी दोन दिवस कोण घालवणार? मी त्याला स्टेशनवर पोचवायला जाई. येताना तो ताईने दिलेला माझ्या वाटणीचा फराळ आणी आणि सांगे, “ताई विचारत होती, मास्तर का नाही आले म्हणून.” मी म्हणे, पुढच्या वर्षी जाऊ, दोघे सायकलने जाऊ. तोही म्हणे, जाऊ. शाळा होती, मुलींची लग्ने होती, त्याची अनुष्ठाने होती. ते वर्ष काही आले नाही.

ताईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडून बसलो आहोत. त्याचा आवाज दम्याने गेला आहे आणि माझे डोळे वह्या तपासून. भाऊबीजेला दुपारनंतर तो काठी टेकीत आमच्याकडे येतो आणि खालूनच हाक मारतो, “चल मास्तर, जरा पश्चिमेकडे जाऊन येऊ.” आम्ही गल्ल्यांतून हळूहळू निघतो, मैदागिनला येतो, आणि प्रयागकडे जाणारे एक्के भरत असतात तिथे थोडा वेळ उभे राहतो. एखादा एक्केवाला विचारतो, कुठे जायचे? घनपाठी म्हणतो, “कहीं नहीं, भैया.” एक्के सुटतात. दूध घेऊन घरी परतायचे असते, म्हणून मग आम्हीही वळतो.